अर्ज लिहिण्याआधी वही घाला

घरी बनवलेलं टोकणयंत्र झकास चालतं, शेजारी मागून नेतात. पण सरकारी मदतीचा अर्ज परत येतो. खोट पुष्कळदा यंत्रात नसते, कागदात असते.

केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून शेतीतल्या नव्या उद्योगाला कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या उभारणीला २५ लाखांपर्यंत मदत मिळते. अर्ज तपासणाऱ्यांनी तुमचं वावर पाहिलेलं नसतं. म्हणून "मजुरी फार वाचते" एवढंच लिहू नका. एकराला पूर्वी किती मजूर, किती दिवस लागत आणि आता किती, ते आकड्यांत मांडा. अर्धं वावर जुन्या पद्धतीनं टोकून पाहा, अर्धं यंत्रानं. दोन्हींची नोंद तारखेनिशी ठेवा. पैसे मागताना लोखंड, मोटर, वेल्डिंग, चाचणी अशी फोड करा. तसंच यंत्र बाजारात असेल तर लपवू नका. आपलं वेगळं काय, ते सांगा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' भातात निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं पारखल्या. तेव्हा कुठं एचएमटी वाण उभा राहिला.

अशी पारख तुमच्याकडेही आहे. पण डोक्यातली पारख तपासणाऱ्याला दिसत नाही. येत्या पेरणीलाच वही घाला. पुढं अर्ज लिहाल तेव्हा तीच तुमची साक्ष काढील.