'गाण्याची आवड होती' म्हणे!

आमच्या आत्याबाईंना जाऊन आता वर्ष होईल. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बस्तीच्या सभागृहात त्यांची श्रद्धांजली सभा झाली. पाच जण बोलले, त्यांत बाई एकच. धर्मपरायण होत्या, पतिपरायण होत्या, सुगरण होत्या, आल्यागेल्याला कधी उपाशी लावलं नाही, मुलं-नातवंडं मार्गी लावली, असं सगळं झालं. शेवटच्या वक्त्यांना जाता जाता आठवलं, "हां, आणि त्यांना गाण्याचीही आवड होती."

भगिनींनो, त्या 'ही'वर माझा राग आहे.

आवड मला दोडक्याच्या भाजीची आहे. आत्याबाईंना गाण्याची आवड नव्हती, त्यांना गाणं येत होतं. दुपारचा भीमपलास आणि संध्याकाळचा यमन त्या भांडी घासता घासता वेगवेगळे करून दाखवायच्या. आपल्यात सूर्यास्ताआधी जेवणं होतात, म्हणून शेजारच्या घरी चूल पेटायची तेव्हा आमचं स्वैपाकघर झाकपाक झालेलं असायचं. तो तास त्यांचा. माजघरात बसून, दार लोटून, हळू आवाजात. शनिवारी रात्री रेडिओवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की आवाज इतका बारीक ठेवायच्या की कान रेडिओला लावावा लागे. मामंजींची झोप मोडू नये म्हणून.

माहेरून आणलेली पेटी मात्र माळ्यावर होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, "गाणं-बजावणं हे काय आपल्यातल्या बायकांचं काम हाय व्हय?" झालं. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. तीसेक वर्षांनी रेडिओला शहाणपण सुचलं आणि १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आमच्या घरातली बंदी कुणी कागदावर घातलीच नव्हती, मग ती उठवणार कोण?

आणि हे कुठं घडलं? जिथं हवेत सूर आहे म्हणतात, त्या मुलखात! कुमार गंधर्वांचा जन्म आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पलीकडं धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल. मिरजेत भोपळ्यांचे तंबोरे घडतात. गंगूबाईंचं गाणं ऐकायला आपली माणसं गाडी करून जात, पुढच्या रांगेत बसून वाहवा करत. गंगूबाई कुणाची पत्नी नव्हत्या का, आई-आजी नव्हत्या का? त्यांची लेक कृष्णा त्यांच्या मागं बसून गात होती, तेही आपण कौतुकानं पाहिलं. दुसऱ्यांच्या बायकांनी गावं, आपल्या बायकांनी ऐकावं. तेही काम उरकल्यावर. असा हा आपला रसिकपणा.

कुणी म्हणेल, आपला धर्म वैराग्याचा, त्यात गाणं कशाला? त्यांना मी एवढंच विचारते, तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत देवदुंदुभी कशाला आहे? 'संगीतसमयसार' लिहिणारे पार्श्वदेव कोण होते? जैनच ना? आणि ऋषभदेवांनी लिपी आणि अंक पहिल्यांदा शिकवले ते ब्राह्मी आणि सुंदरी या लेकींना, असं आपण पोरींना मोठ्या अभिमानानं सांगतो. मग विद्या बाईला वर्ज्य झाली कधी? धर्माचं नाव पुढं करू नका. अडवलं ते धर्मानं नाही. 'लोक काय म्हणतील' यानं अडवलं.

गंमत पाहा. पंचकल्याणकाला आपण बाहेरून संगीत पार्टी बोलावतो, पैसे मोजतो, नारळ-शाल देतो. त्याच मांडवात आमच्या आत्याबाई आठ-दहा पोरींना घेऊन पदं बसवायच्या. त्यांना काय मिळालं? "आक्का, पोरींचं जेवण झालं का बघा जरा."

आता माझंही सांगते, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. मामंजी गेल्यावर आत्याबाईंनी पेटी माळ्यावरून काढायला लावली. भाता फाटला होता. मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणली. चार दिवस माजघरात सूर होते. माझ्या थोरल्याची दहावी होती तेव्हा. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आत्याबाई, परीक्षा होईपर्यंत जरा..." वाक्य पुरंसुद्धा केलं नाही. त्यांनी पेटीवर धुतलेलं लुगडं झाकलं आणि म्हणाल्या, "व्हय गं बाई, पोराचं आधी." परीक्षा झाली, निकाल लागला, पोरगा पुण्याला गेला. पेटी काढा असं मी पुन्हा म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. सासूनं सुनेची परवानगी मागायची वेळ आली होती आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

"पण त्या सुखी होत्या, कधी तक्रार केली नाही," असं सभेत एकजण म्हणाले. सुखी होत्या, मान्य. घर त्यांना मनापासून आवडत होतं. नातवाला मांडीवर घेऊन सरगम म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिलाय. पण तक्रार केली नाही आणि तक्रार नव्हती, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपण विचारलं होतं कधी?

त्या मोठ्या गायिका झाल्या असत्या असा माझा दावा नाही. कदाचित नसत्या झाल्या. म्हणून काय झालं? रोज बॅडमिंटन खेळणाऱ्या पुरुषाला आपण विचारतो का, की चॅम्पियन होणार आहेस का? त्याचा तास त्याचा असतो. बाईनं मात्र आधी मोठं होऊन दाखवायचं, मग तास मागायचा!

म्हणून दोन गोष्टी मागते. घरात सासू, आई, आजी असेल आणि तिच्यापाशी एखादी विद्या असेल, तर ती आज विचारा. फोनमध्ये तिचा आवाज भरून ठेवा. आमच्याकडं आत्याबाईंचे फोटो दोन अल्बम भरून आहेत, आवाज एक मिनिटाचाही नाही. आणि पुढच्या श्रद्धांजली सभेत बाईबद्दल बोलायला उभ्या राहाल तेव्हा तिनं कुणाकुणाला वाढलं याच्याआधी तिला काय येत होतं ते सांगा.

नातीनं परवा पेटी मागितली. दिली. सध्या तिचीही परीक्षा जवळ आली आहे. मी तोंड उघडलेलं नाही.