पडदा लावला, मग पुढे?

आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच शाळांतून आता टीव्ही संच नाही तर प्रोजेक्टर आले आहेत. मुलं घरी येऊन सांगतात, "आज शाळेत व्हिडिओ दाखवला." पालक खूष. आम्ही मात्र मुलांना विचारतो, "व्हिडिओ चालू असताना बाई काय करत होत्या?"

कोणाला टोचावं म्हणून नव्हे. सारा फरक तिथंच पडतो.

पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अनेक चित्रफिती केल्या. कित्येक मराठीत आहेत आणि इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांतली विजेची मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि पंखे भरून देणाऱ्याकडे मिळते ती तांब्याची तार. तारेचं वेटोळं करून त्याची टोकं पिनांच्या भोकांत टेकवायची. तारेवर व्हार्निशसारखा थर असतो. एका टोकाचा थर पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकाचा एकाच बाजूने. वेटोळं गरगर फिरू लागतं. मुलं टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

जाणत्या बाई चित्रफीत तिथंच थांबवतात. "दुसरं टोक अर्धंच का खरवडलं? पूर्ण खरवडलं तर?" मग वर्गात वाद होतो, मुलं करून बघतात. वेटोळं फिरायचं सोडून मागेपुढे झुलतं. अर्ध्या फेरीत चुंबकाचा जोर त्याला पुढे ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत उलटा मागे. तेवढ्या वेळेपुरती वीज तुटावी म्हणून थर राखायचा असतो. ही चर्चा चित्रफितीपेक्षा जास्त वेळ खाते. खाऊ द्यावा.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा धडे मोबाईलवर आले. अनेक घरांत मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. ज्यांना मिळाला त्यांनाही मध्येच थांबवून 'का?' विचारणारं जवळ कोणी नव्हतं.

नेट नाही, ही सबब मात्र आम्हाला फारशी पटत नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा'वर नेतात. तिथला मजकूर आधी उतरवून ठेवता येतो, मग वर्गात नेट लागत नाही. आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का, एवढं आदल्या दिवशी पाहावं.

पालकांनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. पुढच्या सभेला रजा पडली तरी जा. संच चालतो का, हे विचाराच. शिवाय, व्हिडिओनंतर मुलांनी वर्गात काय करून पाहिलं, तेही विचारा. तार, सेल आणि जुन्या स्पीकरमधलं चुंबक लागत असेल, तर ते आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरी पडलेलं असतं.