ओल भिंतीत, दुखणे छातीत

इंग्लंडमधील रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घर सामाजिक गृहनिर्माण संस्थेचे, भाड्याचे. भिंतींवर बुरशी पसरलेली. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा 'वरून रंग मारा' असे त्यांना सांगण्यात आले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने झालेला तीव्र श्वसनविकार हे मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ च्या चौकशीत नोंदले गेले. त्यातून झालेला कायदा तेथील सामाजिक घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत उपाय, अन्यथा गंभीर ओलीच्या तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत पाहणी आणि त्यापुढील पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणे बंधनकारक आहे.

'वरून रंग मारा' हा सल्ला आपल्याकडेही नवा नाही. मुंबई-कोकणात पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग लावला जातो. आतली भिंत ओलीच असते. पुढच्या पावसात तोच डाग त्याच जागी उमटतो.

बुरशीला वाढायला पाणी लागते. ती सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते आणि ते श्वासावाटे आत जातात. ओल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. लहान मुले, वृद्ध, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका अधिक. मुलाचा खोकला घरी वाढतो आणि गावी गेल्यावर थांबतो, असे दिसले तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

मात्र २०२१ च्या 'काळ्या बुरशी'ची धास्ती इथे आणू नये. म्युकरमायकोसिस हा आजार वेगळा. तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडच्या वापराशी जोडलेला होता. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. बुरशीची जात शोधण्यासाठी महागड्या तपासण्या करण्याचीही सहसा गरज नसते.

आधी शोधायचे ते पाणी. छताला ओल असेल तर गच्ची किंवा वरच्या मजल्याचे न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीला असेल तर तडे किंवा फुटलेला पाइप, आणि कपाटामागे असेल तर कोंडलेली दमट हवा. गळती थांबवून भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग लावावा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, आंघोळ आणि स्वयंपाकाची वाफ एक्झॉस्ट पंख्याने बाहेर काढावी. भर पावसात खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्याने मात्र घर वाळत नाही. बाहेरची हवाच दमट असते.

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, दमेकरी आणि मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवावे, खिडकी उघडावी. कोरडे खरवडू नये, बीजाणू उडतात. डाग आधी ओला करून साबणाच्या पाण्याने पुसावा. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी लागलेली गादी किंवा प्लायवूड टाकून देणेच बरे.

घरच्यांच्या हाती नसलेले कामही बरेच असते. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे 'रेरा' कायद्यानुसार विकासकावर बंधनकारक आहे. भाड्याच्या घरात, वेगळा करार नसेल तर, घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. म्हणून तक्रार लेखी करावी, तारखेसह फोटो जोडावेत आणि मुलाला श्वसनाचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठीही. ओलीची तक्रार म्हणजे नुसती भिंतीच्या शोभेची कुरकुर नाही, हे अवाबच्या बाबतीत सर्वांना फार उशिरा कळले.