ट्रकचालकाने मशिनमध्ये फुंकलं, पण त्याची नोंद कुणाकडे?

२२ डिसेंबर २०२४ ची रात्र. पुण्याजवळच्या वाघोलीत केसनंद फाट्यावर अमरावतीहून कामासाठी आलेले मजूर फूटपाथवर झोपले होते. साडेबारा-एकच्या सुमारास एक डंपर थेट त्यांच्या अंगावर गेला. तिघांचा मृत्यू झाला, त्यात दोन चिमुकली मुलं होती. सहा जण जखमी झाले. चालक दारूच्या नशेत होता असं पोलिसांनी सांगितलं आणि त्याला अटक झाली.

अशा प्रत्येक अपघातानंतर सगळा राग चालकावर निघतो. तो चुकीचा आहे असं नाही. पण त्या रात्री गाडीची किल्ली हातात देण्याआधी तो शुद्धीत आहे का, हे कुणी पाहिलं होतं का? आणि पाहिलं असेल तर कुठे लिहून ठेवलं होतं का? भारतातल्या बहुतेक ट्रक आणि डंपरच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं आहे. आणि ते बेकायदाही नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५ अनेकांना माहीत असतं. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. पहिल्यांदा सापडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. गांजा, अफू अशा अमली पदार्थांसाठी मात्र असा आकडाच नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावं लागतं. नाक्यावरचं ब्रेथ अ‍ॅनालायझर फक्त दारू ओळखतं, त्यामुळे गांजा ओढलेला चालक तिथून सहज सुटू शकतो.

हे सगळं झालं चालकाबद्दल. मालकाबद्दल हाच कायदा सांगतो की विनापरवाना माणसाला गाडी चालवायला देऊ नका. दारू पिऊन गाडी चालवण्यास मदत किंवा चिथावणी दिली तर कलम १८८ खाली मालकालाही तीच शिक्षा होऊ शकते. पण ड्युटीवर पाठवण्याआधी चालकाची तपासणी करा, तिचा निकाल लिहा आणि इतकी वर्षं जपून ठेवा, असं बंधन मोटार वाहन कायद्यात नाही. काही तेल कंपन्या आणि मोठे कारखाने आपल्या गेटवर चालकांना मशिनमध्ये फुंकायला लावतात. तो त्यांचा अंतर्गत नियम असतो.

दोन तासांचं गणित

नोंद इतकी महत्त्वाची का, हे समजायला शरीराचं साधं गणित पुरेसं आहे. दारू पिणं थांबल्यानंतर रक्तातलं अल्कोहोल दर तासाला साधारण १० ते २० मिलीग्रॅमने कमी होत जातं. म्हणजे अपघाताच्या वेळी ९० मिलीग्रॅम असलेला माणूस पाच-सहा तासांनी कायद्याच्या मर्यादेत बसू शकतो. म्हणूनच कलम २०२ म्हणतं की कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर तिला सोडून द्यावं लागेल. अटक किती वाजता, रक्त किती वाजता, नमुना कुणी घेतला, ही वेळापत्रकासारखी माहिती अशा खटल्यात पुराव्याइतकीच मोलाची ठरते.

यातला एखादा दुवा तुटला की काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर्सचा मृत्यू झाला. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि ससून रुग्णालयात अल्पवयीन आरोपीचं रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. म्हणजे साडेआठ तास गेले होते. त्यानंतर पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी जे सांगितलं ते आणखी धक्कादायक होतं. घेतलेला नमुना कचऱ्यात टाकला गेला आणि दुसऱ्याच व्यक्तीचं रक्त आरोपीच्या नावाच्या लेबलखाली प्रयोगशाळेत गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे. दोन डॉक्टरांना अटक झाली. औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता, त्याचा डीएनए जुळला नाही म्हणून हा प्रकार उघड झाला. दुसरा नमुना नसता तर? लेबल बरोबर, सही बरोबर, रक्त मात्र भलत्याचंच, आणि कागदावर सगळं व्यवस्थित.

ती आलिशान कार होती, ट्रक नव्हता. पण रक्ताच्या बाटलीला ते कळत नाही. डंपरचालकाचा नमुनाही त्याच वाटेने जातो: स्पिरिट न लावता स्वच्छ केलेली त्वचा (स्पिरिटमध्येच अल्कोहोल असतं), रक्त खराब होऊ नये म्हणून सोडियम फ्लोराइड असलेली बाटली, सील, लेबल, पोलीस शिपाई, न्यायवैद्यक प्रयोगशाळा. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वेळ आणि सही लिहायची असते.

अमेरिकेत काय करतात?

२८ ऑगस्ट १९९१ ला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अपघात होऊन पाच जण ठार झाले. मोटरमन दारू प्यायलेला होता. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नशा तपासणीचा कायदा केला आणि तो ट्रकचालकांनाही लागू झाला. तिथे तपासणी ट्रक कंपनीने करायची असते: नोकरीवर घेण्याआधी, अधूनमधून अचानक, आणि गंभीर अपघातानंतर.

पण खरी गंमत कागदांच्या नियमात आहे. पॉझिटिव्ह निकाल, तपासणीला दिलेला नकार आणि मशिन अचूक असल्याची प्रमाणपत्रं ५ वर्षं ठेवायची. नमुना कसा गोळा केला त्याची कागदपत्रं २ वर्षं. निगेटिव्ह निकाल १ वर्ष. अपघातानंतर दोन तासांत दारूची तपासणी झाली नाही तर ती का झाली नाही, हे कंपनीने लिहून ठेवायचं. ‘राहून गेलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. ६ जानेवारी २०२० पासून तर देशभराचा एकच डेटाबेस आहे. एका कंपनीत पकडला गेलेला चालक दुसऱ्या राज्यात जाऊन गुपचूप नोकरी मिळवू नये म्हणून नव्या मालकाला तो आधी तपासावा लागतो.

आपल्याकडे असं जमणार नाही, असं लगेच म्हटलं जातं. पण आपल्याकडे ते चालू आहे, फक्त ट्रकसाठी नाही. रेल्वेचे लोको पायलट ड्युटीवर हजर होताना मशिनमध्ये फुंकतात. देशांतर्गत उड्डाणाआधी वैमानिकाची तपासणी होते. पहिल्यांदा सापडला तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. हा हिशोब जुनी नोंद हाताशी असेल तरच करता येतो.

मालकाला यात काय मिळणार?

पैसे वाचतील. चालक प्यायलेला होता हे सिद्ध झालं तर विमा कंपनी मृतांच्या कुटुंबाला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला बघते. गाडीच्या नुकसानीचा दावा तर सरळ फेटाळला जाऊ शकतो. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला येणारा वास आणि झोकांड्या एवढ्यावर माणूस प्यायलेला होता असं धरता येत नाही. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने विम्याच्या एका प्रकरणात (ती गाडीही योगायोगाने पोर्शेच होती) स्पष्ट केलं की तपासणी झाली नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करू शकते. ‘टेस्ट झालीच नाही’ ही मालकाची ढाल विम्यात कामाची नाही. उलट ‘निघताना रात्री ९ वाजता आकडा शून्य’ अशी मशिनची पावती असेल तर निदान बाजू मांडायला काहीतरी हाती राहतं.

चालकासाठीही ती पावती तितकीच कामाची आहे. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं कफ सिरप घेतल्यावर लगेच फुंकलं तर मशिन चुकीचा आकडा दाखवू शकतं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर तो खाली येतो. दुसऱ्या फुंकण्याची नोंदच नसेल तर चालकाने दाद कशी मागायची? शिवाय हा आकडा त्याच्या आरोग्याची खासगी माहिती आहे. तो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवायचा नसतो.

अडचण मोठ्या कंपन्यांची नाही. देशात एक-दोन ट्रक असलेले मालक असंख्य आहेत, आणि कित्येकदा मालक हाच चालक असतो. त्याची तपासणी करणार कोण? माल भरणाऱ्या कारखान्याच्या किंवा बांधकाम साइटच्या गेटवर ती करता येईल, कारण प्रत्येक गाडी तिथे थांबतेच आणि चलनावर गाडीचा नंबर, वेळ, वजन हे सगळं आधीच लिहिलं जातं. त्यात आणखी एक रकाना वाढवायला नवं मशिन लागेल, पण नवी यंत्रणा लागणार नाही. तो रकाना कुणी भरायचा आणि चलन किती वर्षं ठेवायचं, हे सांगणारा नियम मात्र सरकारलाच करावा लागेल.