पेटी म्हणजे किती?



आपल्या सावली भागात पेटी म्हटली की भजनातली किंवा झाडीपट्टीच्या नाटकातली बाजाची पेटी आठवते, नाही तर लग्नात लेकीसोबत दिलेली पत्र्याची पेटी. मुंबईच्या बोलीत मात्र पेटी म्हणजे एक लाख रुपये आणि खोका म्हणजे एक कोटी. सिनेमांनी हे शब्द गावोगाव नेले. 2022 साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या, तेव्हापासून ते पोरासोरांच्याही तोंडी बसले.

गमतीने बोलायला हरकत नाही. पण हा शब्द बांधीच्या सौद्यात, जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदीत आणि मुलाच्या नोकरीच्या बोलण्यातही शिरतो. "काका, दोन पेट्यांत काम होऊन जाईल," असे मध्यस्थ म्हणतो. तो दोन लाख म्हणाला असता तर घरातल्या सगळ्यांनी कान टवकारले असते. शब्द हलका, म्हणून रक्कमही हलकी वाटते!

तिचे वजन धानात करून पाहा. 2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. त्या भावाने एक पेटी म्हणजे सुमारे 42 क्विंटल धान. एकरी 14 क्विंटल धरले, तर तीन एकरांचे सगळे पीक झाले. त्यातून बियाणे, खत, रोवणीची मजुरी अजून वजा केलेली नाही. आणि नोटा पाहाल तर पाचशेच्या दोन गड्ड्या, सदऱ्याच्या खिशात मावतील एवढ्या.

तेव्हा सौदा करताना समोरच्याच्या तोंडून रुपयांचाच आकडा वदवून घ्या. चिठ्ठीवर "रु. 1,00,000, अक्षरी एक लाख रुपये फक्त" असे लिहा, खाली तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. विसार दिला तर पावती घ्या. शक्यतो बँकेतून द्या, म्हणजे पासबुकात नोंद राहते.

नोकरीसाठी मागितलेल्या पेटीची पावती कोणी देत नाही. मागणारा सरकारी माणूस असेल, मग तो आमच्या खात्यातला का असेना, पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.