आधी सिद्ध कर, मग मानू!

एखादा माणूस म्हणतो, "मी पुरुष आहे." समोरचा म्हणतो, "सिद्ध कर." आता मला सांगा, या दोघांत उत्तर देण्याची जबाबदारी कुणाची? आपल्यातले बहुतेक जण चटकन म्हणतील, दावा करणाऱ्याची. मित्रहो, ज्यांच्या आज्या-पणज्यांना माणूस असल्याचा पुरावा मागितला गेला, त्यांनी हे उत्तर देण्याआधी थोडं थांबायला हवं.

विषय एका कादंबरीचा आहे. एडन थॉमस या ट्रान्स लेखकाची 'सिमेटरी बॉईज' ही किशोरांसाठीची इंग्रजी अद्भुत कादंबरी 2020 साली अमेरिकेत आली आणि तिकडे खूप खपली. नायक याद्रिएल, पूर्व लॉस एंजेलिसमधला लॅटिनो मुलगा. जन्माच्या वेळी त्याला मुलगी ठरवलं गेलं, पण तो मुलगा आहे. त्याच्या जमातीकडे पिढीजात जादू आहे आणि तिची वाटणी ठरलेली आहे: बायकांनी आजाऱ्यांना बरं करायचं, पुरुषांनी अडकलेल्या आत्म्यांना पुढच्या वाटेला लावायचं. वयात आल्यावर मृत्युदेवीसमोर विधी होतो आणि शक्ती मिळते. याद्रिएलला पुरुषांचा विधी द्यायला घरचे तयार नाहीत. तेव्हा तो आणि त्याची चुलत बहीण मारित्झा रात्री चोरून स्वतःच विधी उरकतात. देवी त्याला स्वीकारते. पण घरच्यांना पटवायचं म्हणून तो एका मेलेल्या चुलत भावाचा आत्मा शोधायला जातो आणि चुकून शाळेतल्या हुलियान नावाच्या वांड मुलाचं भूत बोलावून बसतो. पुढचं सांगत नाही, वाचा.

या पुस्तकावर वाचकांची मतं पुष्कळ आहेत. आमच्या अभ्यासवर्गातही आम्ही तीन रविवार हेच पुस्तक घेतलं होतं. इंग्रजी जमणाऱ्यांनी वाचलं, बाकीच्यांना गोष्ट सांगितली. तिकडची आणि इकडची मतं मांडून बघितली तर त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट म्हणतो, विषय लादलाय. गोष्ट भुतांची, मग नायक ट्रान्स कशाला? हा आक्षेप आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. दलित साहित्याला प्रस्थापितांनी हेच ऐकवलं: प्रचारकी आहे, आक्रस्ताळं आहे, साहित्यात जात कशाला आणता? म्हणजे सवर्ण घरातली गोष्ट आली की ती 'माणसाची' गोष्ट, आणि आपल्या वस्तीतली आली की 'विषय'. हजारो कादंबऱ्यांत नायक जन्मापासून पुरुष असतो, तेव्हा कुणी विचारत नाही की हा पुरुष कशाला.

दुसरा गट सहानुभूतीचा. वाचून डोळे भरून आले, आता मला ट्रान्स लोक कळले, असं म्हणणारा. या गटावर मी रागावत नाही, पण भुलतही नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं तेव्हाही कितीतरी घरांत डोळे भरून आले होते. त्याच घरांत कामवालीचा कप मात्र वेगळा राहिला. अश्रू हा हक्क नसतो.

तिसरा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या अभ्यासवर्गातली हुशार पोरं याच गटात निघाली. त्यांचं म्हणणं असं: "जे घर त्याला मानत नाही, त्याच घराच्या परंपरेत शिरायला हा एवढा का धडपडतो? सोडून का जात नाही? बाबासाहेबांनी तर धर्मच सोडला!"

मुद्दा वजनदार आहे. पण इतिहास क्रमाने वाचायला हवा. येवल्याची घोषणा 1935 ची आणि नागपूरची दीक्षा 1956 ची. त्याआधी 1927 चं महाड आहे आणि 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आहे. महाडला आपले लोक चवदार तळ्याचं पाणी गोड आहे म्हणून गेले नव्हते. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत, हे ठरवायला गेले होते. दार ठोठावणारा प्रत्येक जण भिकारी नसतो. बाहेर पडण्याआधी आत येण्याचा हक्क बजावावा लागतो, नाहीतर बाहेर पडणं आणि हाकललं जाणं यांत फरकच राहत नाही. आणि याद्रिएल परवानगीची वाट बघत बसत नाही, विधी स्वतः करतो. ओंजळ आधी भरायची, वाद नंतर घालायचा, हे महाडचंच तर शास्त्र आहे.

मग माझा आक्षेप कुठे आहे? मार्चमध्ये आपण तळ्याचं पाणी प्यायलो आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. पाण्याचा हक्क पुरेसा नव्हता, पाणी नाकारणारी पोथीच पेटवावी लागली. या कादंबरीत मार्च आहे, डिसेंबर नाही. पुरुषांचं काम हे आणि बायकांचं काम ते, ही वाटणी मुळात कुणी केली आणि का केली, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी येत नाही. देवीने स्वीकारलं म्हणून याद्रिएल खरा ठरतो. देवीने नाकारलं असतं तर? तो खोटा ठरला असता का? मारित्झाकडे बघा. प्राण्याचं रक्त वापरायचं नाही या तत्त्वापायी ती बरं करण्याचा विधीच करत नाही. खरं बंड तिच्याकडे आहे, पण गोष्ट तिच्यामागे जात नाही.

हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. आपल्याकडे देवीच्या जागी सरकारी कार्यालय आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. 2019 च्या कायद्याने मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणलं, आणि 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला. न्यायालय म्हणालं, तू सांगशील ते. कायदा म्हणाला, आधी सिद्ध कर.

इथे आमच्या वर्गातल्या एकाने नेमका प्रश्न टाकला: "आपल्यालाही जात पडताळणी करावी लागते. मग त्यांनाच सूट का?" उत्तर नीट समजून घ्या. जात आपण निवडलेली नाही, समाजाने बाहेरून लादली. म्हणून तिचा पुरावाही बाहेर सापडतो: आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, महसुली नोंदीत. 'मी पुरुष आहे' या जाणिवेचा साक्षीदार मात्र तो माणूस स्वतःच असतो. दुसरं म्हणजे, जात पडताळणी समिती कागद मागते. शरीरावर सुरी फिरवून ये, असं ती म्हणत नाही.

आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात आला: "पण हे आपल्या चळवळीचं काम आहे का?" 1934 साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, पण वकीलपत्र घेताना हे आपलं काम आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. आज दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री आंबेडकरी चळवळीतून उभी राहते, तमिळनाडूत ग्रेस बानू दलित आणि ट्रान्स अशा दोन्ही ओळखींनी लढतात. त्यांची मागणी समांतर आरक्षणाची आहे. सगळ्या ट्रान्स व्यक्तींना एकाच मागास प्रवर्गात टाकलं तर दलित ट्रान्स व्यक्तीने आपली जात सोडायची की आपलं लिंग? समांतर आरक्षणात ती अनुसूचित जातीतही राहते आणि ट्रान्स म्हणूनही मोजली जाते. कर्नाटकने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. आपल्या मोर्चांच्या निवेदनांत ही मागणी किती वेळा असते, ज्याने त्याने आठवून बघावं.

या पुस्तकातली एक गोष्ट मात्र आपण जशीच्या तशी उचलावी. याद्रिएलचं जुनं नाव लेखक वाचकाला कधीच सांगत नाही. घरचे ते उच्चारतात, आपल्याला ऐकू येत नाही. काही वाचकांना उत्सुकता आवरत नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आपल्या पणजोबांची नावं आठवा. धोंड्या, कचऱ्या, दगड्या. शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असंच असावं, हे मनुस्मृतीने लिहून ठेवलं होतं. आपण ती नावं टाकली आणि पोरांना सिद्धार्थ, राहुल, गौतम म्हणून हाक मारली. तेव्हा गावच्या पाटलाने मुद्दाम जुन्या नावाने हाक मारली की काय वाटायचं, हे जुन्या माणसांना विचारा. नाव बदलणं ही आपल्यासाठी क्रांती होती. दुसऱ्याने बदललं की ते नाटक कसं?

म्हणून तीन गोष्टी, आणि त्या करायला कुठल्याही जीआरची गरज नाही. आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर विरोधकाला 'छक्का' आणि 'बायल्या' म्हणणं बंद करा. त्या शिवीत विरोधकाला काही होत नाही, आपल्याच वस्तीतलं एखादं पोर आणखी आत आत जातं. कुणी नाव सांगितलं की त्याच नावाने हाक मारा, जुनं विचारू नका. आणि या 14 एप्रिलला जयंती समितीत ट्रान्स व्यक्तीला घ्या. नाचायला नको, नियोजनाच्या बैठकीत खुर्ची द्या.

'सिद्ध कर' म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही. त्या रांगेच्या समोर आपण पिढ्यानपिढ्या उभे होतो.

जय भीम!