हौशी खेळकर्त्यांनाही रंगमंच हवा

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, व्हिडिओ गेम आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याच्या दोनच महिने आधी, जुलैमध्ये, मुंबईत पेडर रोडवर केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था सुरू झाली. या दोन्ही घटनांच्या निमित्ताने जे बोलले व लिहिले गेले, त्यात गुंतवणूक, निर्यात आणि रोजगार हे तीन शब्द वारंवार आले. त्यात वावगे काही नाही. परंतु या सगळ्या चर्चेत एक माणूस फारसा कोठे आढळला नाही. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, रात्री घरच्या टेबलावर, केवळ हौसेखातर खेळ रचणारा तो माणूस होय.

असा माणूस विठ्ठलवाडीत राहतो असे समजू. कल्याण सोडल्यानंतर कर्जतच्या बाजूचे हे पहिले स्थानक. पुढचे स्थानक उल्हासनगर. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी तेथे एकेका खोलीत कारखाने थाटले. तेव्हा लहान जागेत, तुटपुंज्या भांडवलावर वस्तू घडविणे या परिसराला नवीन नाही. व्हिडिओ गेम रचणे हे मात्र विलायतेतील बड्या कंपन्यांचे, लक्षावधी डॉलरांचे काम आहे अशी आपली समजूत असते. ती आता निम्मी खोटी ठरली आहे.

खोटा ठरलेला भाग अवजारांचा. खेळातील पात्रे हलविणे, त्यांच्या टकरी ओळखणे, आवाज वाजविणे ही कामे करणाऱ्या तयार आज्ञावलीला ‘इंजिन’ म्हणतात. अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रॅमरांनी घडविलेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. त्याला शुल्क नाही आणि उत्पन्नात वाटाही नाही. त्रिमितीय आकृत्यांसाठी ‘ब्लेंडर’, चित्रांसाठी ‘क्रिता’, ध्वनीसाठी ‘ऑडॅसिटी’ हीही विनामूल्य आहेत. ‘अनरिअल’ या बलाढ्य इंजिनाचे मालक खेळाचे उत्पन्न दहा लाख डॉलरांच्या पुढे जाईपर्यंत काही मागत नाहीत. मात्र ते नीट चालविण्यास जो संगणक लागतो, त्याची किंमत कारकुनाच्या घराला परवडणारी नाही. गोडोचे तसे नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, एखाद्या कचेरीने काढून टाकलेला वीस हजारांच्या आसपासचा संगणक त्याला पुरतो. फुकटाचीही एक मेख असते, हे ‘युनिटी’ या लोकप्रिय इंजिनाने दाखवून दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने, खेळ जितक्या यंत्रांवर उतरविला जाईल तितक्यांदा आकार घेण्याची योजना एकाएकी जाहीर केली. जगभर गदारोळ झाला आणि वर्षभराने योजना मागे घेण्यात आली. पण आपले वर्षानुवर्षांचे काम दुसऱ्याच्या जमिनीवर उभे आहे, हे त्या वेळी अनेकांना कळले. नवशिक्याने खुल्या अवजारांपासून प्रारंभ करावा असे आम्ही म्हणतो, ते केवळ काटकसरीसाठी नव्हे.

अवजार मिळाले म्हणजे विद्या मिळाली असे होत नाही. खेळातील साध्या उडीचेच उदाहरण घेऊ. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले जाते. प्रत्येक वेळी पात्राच्या वेगात गुरुत्वाचा एक लहानसा अंश मिळवायचा आणि तो वेग त्याच्या स्थानात मिळवायचा. एवढ्या दोन बेरजांतून शाळेच्या फळ्यावर रुक्ष वाटणारा अन्वस्त पडद्यावर जिवंत होतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी हे एकदा वर्गात करून पाहावे. परंतु खरी गंमत याच्याही पुढे आहे. गणिताप्रमाणे अचूक केलेली उडी खेळणाऱ्याला अन्यायाची वाटते! कड्याच्या टोकाशी त्याने कळ दाबलेली असते. यंत्राच्या हिशेबी मात्र त्याचा पाय क्षणापूर्वीच सुटलेला असतो. म्हणून जाणते रचनाकार पाय सुटल्यानंतरही सुमारे दशांश सेकंद उडी मान्य करतात. ही सवलत खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही; त्याला फक्त खेळ सरळ वाटतो. गणित आणि माणसाचा स्वभाव यांमध्ये असा सांधा जुळविणे हे या कलेचे मर्म आहे. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून पुरते येत नाही. दुसऱ्याच्या हाती खेळ द्यावा, आपण गप्प बसावे आणि तो कोठे अडखळतो ते पाहावे, हाच त्याचा अभ्यास. तो एकट्याने करता येत नाही.

मराठीत खेळ रचू पाहणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते व तिची वाच्यता फारशी होत नाही. ‘विठ्ठलवाडी’ हेच नाव घ्या. अनेक इंजिनांत ते लिहिले की पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षर फुटून ‘ठ’चा पाय मोडलेला दिसतो. ही इंजिने रोमन लिपीला धरून बांधली गेली. अक्षरे एकामागून एक ठेवली की शब्द होतो, असे त्यांनी गृहीत धरले. गोडोची जुनी आवृत्तीही याच दोषाची होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत तो दूर झाला. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे देखणे देवनागरी टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. म्हणजे मराठी खेळाच्या वाटेतला एक मोठा धोंडा गेल्या काही वर्षांतच हटला आहे. तरीही शिकविणारे साहित्य जवळजवळ सारे इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्याच पायरीवर थबकतो. तंत्राची मराठी माहितीपुस्तिका लिहिणे हे सरकारी धोरणाची वाट पाहण्याजोगे काम नव्हे. शिक्षकांच्या एखाद्या मंडळाला दोन सुट्यांत ते करता येईल.

आता खर्चाकडे वळू. तयार खेळ ‘स्टीम’ या मोठ्या पेढीवर मांडण्यास प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर, म्हणजे आजच्या दराने नऊ हजारांच्या आसपास रुपये भरावे लागतात. विक्री हजार डॉलरांपर्यंत गेली तरच ते परत मिळतात आणि विक्रीतील साधारण तीस टक्के पेढी ठेवून घेते. गुगलच्या दुकानात एकदाच पंचवीस डॉलर, तर अॅपलच्या दुकानात दरवर्षी नव्व्याण्णव डॉलर पडतात. गुगलची नव्या वैयक्तिक खातेदारांसाठी आणखी एक अट आहे: किमान बारा जणांनी सलग चौदा दिवस खेळ तपासलेला असावा. पैसे एक वेळ उसने मिळतील. असे बारा माणसे विठ्ठलवाडीच्या एकांड्या मुलाने कोठून आणावीत?

याहूनही मोठा खर्च वेळेचा. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा विख्यात खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने रचला व तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी आणि घरखर्चाचा भार त्याच्या जोडीदारणीने उचलला होता. उलट, हनोईच्या दोंग न्विन याचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ दोन-तीन दिवसांत तयार झाला आणि २०१४ च्या सुरुवातीस जगभर गाजला. तरुणांना ही दुसरी कथा आवडते. ती लॉटरीची कथा आहे.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चे आहे. त्यांचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. पण त्याआधी, २०१७ मध्ये, लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता आणि काम चालू राहावे म्हणून एका संस्थापकाने आपले राहते घर विकले. ही मंडळी हौशी नव्हती, या व्यवसायात मुरलेली होती. हौशी तरुणाने घर विकू नये आणि नोकरीही सोडू नये. त्याने लहान खेळ रचावा, तो पुरा करावा, चार लोकांना दाखवावा आणि मग दुसरा रचावा. अर्धवट टाकलेल्या दहा भव्य संकल्पांपेक्षा पुरा केलेला दहा मिनिटांचा एक खेळ अधिक शिकवून जातो.

घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र ‘गेम’ या शब्दाला वेगळाच वास येतो. रमीच्या जाहिरातींनी गेली कित्येक वर्षे जे केले, त्याचा हा परिणाम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि इतर खेळ त्यांपासून वेगळे मानले. पालकांनीही तसाच भेद करावा. आणि खेळ रचणे हे आपल्या परंपरेला परके कोठे आहे? सोंगट्या आणि कवड्यांवर खेळावयाचा मोक्षपट महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. तो त्यांचाच की नाही हा संशोधकांचा प्रश्न. पण संताचे नाव खेळाला द्यावेसे वाटले, यात समाजाचा एक कौल आहेच.

तेव्हा करावे काय? पेडर रोडची संस्था उत्तम होवो. पण विठ्ठलवाडीहून तेथे जाऊन-येऊन चार तास मोडतात, आणि हौस ही संध्याकाळी जवळपास भागवावयाची गोष्ट आहे. याचा एक नमुना आपल्यापाशी आधीच आहे. राज्य सरकारची नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि महाविद्यालयीन तरुणांसाठी पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून सुरू आहे. बँकेतील कारकून आणि शाळामास्तर यांना या स्पर्धांनी ठरलेली तारीख, रंगमंच, परीक्षक आणि अनोळखी प्रेक्षक दिला. नाट्यउद्योगाचे धोरण म्हणून कोणी त्या भरविल्या नव्हत्या. तरी मराठी व्यावसायिक रंगभूमीवरील कितीतरी नट-दिग्दर्शक त्यांतूनच आले. तारीख नसती तर त्यांतील अर्धी नाटके वहीतच राहिली असती. हौशी खेळकर्त्यांसाठी अशी स्पर्धा राज्याने का भरवू नये? जिल्हावार प्राथमिक फेरी, मराठी खेळांना वेगळे पारितोषिक, आणि प्रेक्षकांनी प्रत्यक्ष खेळून पाहण्याची सोय, एवढे पुरे. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर एका रविवारी यासाठी मिळणे अशक्य नाही. ३,२६८ कोटींच्या आराखड्यात या खर्चाची नोंद पैशांत करावी लागेल.

स्पर्धेआधी सरावाची जागा हवी. कल्याण-डोंबिवलीत महाविद्यालये आहेत, त्यांत संगणक-प्रयोगशाळा आहेत आणि शनिवारी दुपारनंतर त्यांना कुलूप असते. आठवड्यातून तीन तास ते कुलूप उघडावे, बाहेरच्या मुलांनाही आत येऊ द्यावे आणि एका शिक्षकाने बसावे. खर्च काय तो त्या शिक्षकाच्या व शिपायाच्या भत्त्याचा. प्राचार्य म्हणतील, परक्या आज्ञावली यंत्रांत शिरतील, यंत्रे बिघडतील. ती शंका रास्त आहे. पण गोडो संगणकात बसवावे लागत नाही. ते एकाच फाइलमध्ये मावते, मुलाच्या खिशातील पेन ड्राइव्हवरून थेट चालते, आणि तीन तासांनी त्याच खिशातून घरी जाते.